दाखल क्रमांक ४११७

मन्मथ हे नाव आमच्या उदगिरात कुणाला खटकत नाही.
कपिलधारच्या स्वामींचं नाव ते,
गल्लीत चौघं तरी निघतील.
संस्कृतच्या बाईंनी अकरावीत दुसरा अर्थ सांगितला
तेव्हा अख्खा वर्ग वळून हसला
आणि त्याचे कान लाल झाले.
सावळे कान ते, लाल झालेले कुणाला दिसायचे नाहीत.
मला दिसले.

कादंबरी वाचनालयाची होती.
खाकी कव्हर, पाठीला डिंक,
आत लांबच्या शहरातल्या दोघांचं पहिलं प्रेम :
ती रडते, तो पत्रं लिहितो,
दर वीस पानांनी नदीकाठ येतो.
मी नेली. मग त्याने नेली. मग परत मी.
त्रेसष्टाव्या पानावर, समासात, शिसपेन्सिलीने :
"एवढा वेळ कोण रडतं? हिला घरी कामं नाहीत का?"
मी खाली लिहिलं, "तुला काय कळतंय."
पुढच्या खेपेला उत्तर होतं,
"मग सांग की."

चार महिने आम्ही असे बोललो.
रस्त्यात दिसले की तो सायकलची चेन बघायला वाकायचा,
चेन जागेवर असायची.

तोंडाने एकदाच. येळवशीला.
गाव सगळं शेतात,
चौबाऱ्यात भर दुपारी एक कुत्रं तेवढं पसरलेलं.
त्यांच्या शेताचा आणि आमचा बांध एक.
कडब्याच्या खोपीत पांडव बसवलेले, चुना लावलेले,
माय भज्जी वाढत होती,
आणि हा तांब्या घेऊन आला, आंबील मागायला.
त्यांच्याकडे रांजणभर होती.
"कुठवर वाचलालीस?"
"अर्ध्यावर."
"शेवटचं पान झालं की थांबू नको.
त्याच्या मागं कोरं पान आहे."
तांब्या भरायचा विसरून गेला.

संध्याकाळी घरी आले
तर अप्पांच्या हातात तेच पुस्तक.
चष्मा पुसून पुसून वाचत होते,
चाळिसाव्या पानावर.
समासातलं अक्षर कुणाचंही असू शकलं असतं.
कोऱ्या पानावर माझं नाव असणार होतं.
ते हात धुवायला उठले
आणि मी शेवटची पानं ओढली, मोजली नाहीत.
शिवण तुटल्याचा आवाज एवढा मोठा असतो
हे मला माहीत नव्हतं.
तव्यावर भाकरी होती. खाली सरकवली.
एक कोपरा जळता जळता वर वळला,
"तुझ्या हाताच्या"
एवढं वाचता आलं.
हाताच्या काय? रेषा? बांगड्या?
समासातल्या त्या काकपदांच्या अक्षरांबद्दल काही?
भाकरी करपली म्हणून माय ओरडली.

पुस्तक मी गुपचूप परत केलं.
नंतर त्याने नेलं.
त्यानंतर समासात काही आलं नाही.
बारावी झाली, तो हैदराबादला मामाच्या बेकरीत गेला,
माझं लग्न निलंग्याला.
म्हटलं, पानं मी रागाने फाडली असंच त्याला वाटलं असणार.
वाटू दे.

परवा अनामत परत मिळते का म्हणून
वाचनालयात गेले. काकांनी जुनी वही काढली,
थुंकी लावून पानं उलटत राहिले,
माझं नाव सापडेना.
त्याचं सापडलं.
४११७. शेवटची पाने गहाळ. दंड रुपये तीस. वसूल.
शेजारी सही, शिसपेन्सिलीच्या त्याच हाताची,
फक्त शाईत.

तेव्हा तीस रुपयांत सायकलची ट्यूब यायची.
त्या जानेवारीत, मला नीट आठवतं,
तो महिनाभर सायकल हातात धरून
कॉलेजला चालत यायचा,
मागचं चाक बसलेलं,
आणि मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं,
बघ, कसा मुद्दाम हळू चाललाय,
मला दाखवायला.